एक्केचाळीस नंबरच्या दोन मिसली

नोकरीत मी एकदाच हुकूम मोडला, आणि तो हुकूम माझ्याच हातानं लिहिलेला होता. लोक विचारतात, मग पस्तावा झाला का? कशाचा पस्तावा, बाप्पा! मोडायला उशीर झाला, तेवढाच काय तो पस्तावा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागले होते. अख्ख्या कचेरीत बाई मी एकटी. माझं गाव उंद्री, घरी भाजीचा मळा. मुलीनं नोकरी करावी हे आईला पटलेलं नव्हतं, पण मला एकटीला परगावी सोडणं त्याहून पटत नव्हतं, म्हणून ती माझ्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. "सुंभ जळते पण पीळ जळत नाही," असं ती माझ्याबद्दल शेजारणीला सांगायची. कौतुकानं की वैतागून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला काम मिळालं रेकॉर्डरूममध्ये. कचेरीच्या मागची लांबट खोली, दोन खिडक्या, भिंतीला लागून लाकडी मांडण्या. मांडण्यांत खण आणि खणांत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. त्या गठ्ठ्यांत मिसली. आमच्या वऱ्हाडात तेव्हा फाइलला कोणी फाइल म्हणत नव्हतं, मिसलच म्हणायचे. कोणाच्या शेताचा फेरफार, कोणाच्या बांधाचं भांडण, कोणाच्या गुरांनी खाल्लेलं पीक, सगळं त्या फडक्यांत गाठ मारून ठेवलेलं. मी पहिल्या दिवशी शिंकून शिंकून बेजार झाले.

या खोलीचा धनी म्हणजे आमचा दफ्तरी. पगारानं शिपायाच्या वर आणि कारकुनाच्या खाली, पण खोलीत त्याच्या शब्दाबाहेर उंदीरसुद्धा जात नसे. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणू लागले. मामा चार बुकं शिकलेला, पण कोणत्या गावची कोणती मिसल कोणत्या खणात आहे हे त्याला अंधारात विचारा, सांगायचा. त्यानं मला काम शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. मिसल एका खणातून दुसऱ्या खणात नेली, तर रिकाम्या जागी चिठ्ठी सोडायची, इथून उठली आणि तिथे गेली. नवा नंबर द्यायचा असेल तर जुन्यावर एकच रेघ मारायची, बारीक, सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. खोडरबर घेतलं की मामाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि नव्या जागी मिसल ठेवायच्या आधी खणात हात घालून पाहायचं. "आंधी हात घालून पाह्य, कोनी बसेल हाये का तिथी," असं तो म्हणायचा. बसच्या सीटवर माणूस बसावा तशी त्याच्या लेखी मिसल खणात बसलेली असायची.

मला नोकरीला लागून वर्ष झालं नसेल, तेव्हा नवे नायब तहसीलदार आले. पुण्याकडचे, तरुण, पांढरा स्वच्छ शर्ट, कामाला वाघ. खोटं कशाला बोलू, हुशार होता माणूस. आमच्या कचेरीत चहा आला यावरून वेळ कळायची, ती रीत त्यानं पंधरा दिवसांत बंद पाडली. वरून हुकूम आला होता की नागपूर राजधानी असलेल्या आधीच्या राज्यातलं जुनं दफ्तर आणि नंतरचं दफ्तर एक करा, सगळ्या मिसलींना एका पद्धतीनं नवे नंबर द्या, आणि कलेक्टरसाहेबांची तपासणी यायच्या आत सगळं लावून ठेवा. दुसरा कोणी असता तर फाइलवर बसून राहिला असता. या साहेबानं तिसऱ्या दिवशी काम सुरू केलं.

त्याची रीत अशी. एका मिसलीला एक चिठ्ठी, एका चिठ्ठीवर एकच ओळ. जुनं नाव, जुना खण, नवं नाव, नवा खण. चिठ्ठी हातात घ्यायची, ओळीत लिहिलं ते करायचं, चिठ्ठी तारेला टोचायची, पुढची घ्यायची. विचारायचं काही नाही. "ओळ वाचा आणि करा," एवढंच तो म्हणायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. तो खुर्चीत बसून सांगायचा, मी शाईनं लिहायचे. मला मोठी फुशारकी वाटायची. शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या. जुन्या वर्षांच्या चिठ्ठ्यांवर त्यानं ओळीच्या शेवटी आणखी चार शब्द घालायला सांगितले: जागी दुसरी असल्यास काढावी. म्हणजे नव्या खणात त्याच नंबरची मिसल आधीच असेल, तर ती जादा प्रत समजून बाहेर काढायची आणि हातातली ठेवायची. मी लिहिले ते चार शब्द. प्रत्येक चिठ्ठीवर लिहिले, वेलांटीसुद्धा वळणदार काढली.

छप्पन सालच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मामाकडे होता, मी पुढच्या वर्षांवर होते. बाहेर काढलेल्या मिसली मामा मागच्या पडवीत बारदानाच्या पोत्यांत भरायचा आणि दाभणानं पोत्याचं तोंड शिवायचा. शनिवारी दुपारी ती पोती कचेरीमागच्या खड्ड्यात जाळायची असं ठरलं होतं. मामा त्या दिवसांत फारसा बोलत नव्हता. त्याची पेन्शन दोन महिन्यांवर आली होती. मी म्हटलं, थकला असेल.

गुरुवारी एक माळीण आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हात मातीनं भेगाळलेले. कपाशी-तूरवाल्यांच्या गावात चार-दोन घरं भाजी पिकवतात, त्यांतलं हिचं घर. नवरा गेल्यावर दिरानं विहिरीचं पाणी अडवलं होतं. तेव्हाच्या साहेबानं समक्ष विहिरीवर येऊन निकाल दिला होता, चार दिवस पाणी दिराचं, चार दिवस हिचं. सहा-सात वर्षं सुरळीत चाललं. आता दीर म्हणत होता, कुठला निकाल, दाखव कागद. हिच्याकडची नक्कल त्यानंच मागे वकिलाला दाखवतो म्हणून नेली होती, ती परत आलीच नाही. मंगळवारी दोघांना साहेबापुढे बोलावलं होतं. तोवर तिला कचेरीतून नवी नक्कल हवी होती.

ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "वांग्याले फूल लागेल हाये, बाई. आठ दिस झाले पानी नाही. आनखी आठ दिस गेले तर काय राह्यते तिथी?"

मला कोणी समजावून सांगायला नको होतं. मी मळ्यातली. पाण्याची पाळी गेली की भाजीवाल्या बाईची दुसऱ्याच्या मळ्यातली मजूर व्हायला एक उन्हाळा पुरतो. मी म्हटलं, मावशी बसा, अर्ध्या तासात काढते. तिला नंबर पाठ होता. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसांना नंबर पाठ असतात. एक्केचाळीस, छप्पन साल.

नव्या खणात गेले. एक्केचाळीस नंबरची मिसल जागेवर होती. सोडली, तर आत कुठल्या तरी गायरानात गुरं चारल्याचा दंड. माळीण नाही, विहीर नाही. मला वाटलं, बाईचा नंबर चुकला. जुनं रजिस्टर काढलं. त्यात एक्केचाळीसवर विहीर, दीर, भावजय, सगळं स्वच्छ लिहिलेलं. मग त्याच सालचं दुसरं रजिस्टर दिसलं. त्यातही एक्केचाळीस, आणि तिथे गायरान.

मी मामाला हाक मारली आणि दोन्ही रजिस्टरं त्याच्यापुढे उघडी ठेवली. मामानं पाहिलं आणि खालीच बसला.

मग त्यानं सांगितलं. छप्पन सालच्या नोव्हेंबरात आम्ही नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो, तेव्हा कचेरीत केवढा आनंद होता. मराठी मुलूख एक होत होता. कारकुनांनी कोरं रजिस्टर आणलं, मामानं नारळ फोडला, रजिस्टरला हळदकुंकू लावलं आणि नव्या राज्याची पहिली मिसल म्हणून नंबर टाकला एक. वर्ष संपायला दोन महिने होते, जुन्या रजिस्टरात पुढचा नंबर तयार होता, पण तो कोण टाकतो? शुभकामाची सुरुवात कोणी चारशे तेरापासून करते का? आम्ही वऱ्हाडातली माणसं, सगळ्यांना ते अगदी बरोबर वाटलं. तेव्हापासून त्या एका सालात एक ते सत्तरपर्यंतच्या मिसली दोन-दोन होत्या, आधीच्या राज्याच्या आणि नंतरच्या. वेगवेगळ्या मांडण्यांत होत्या तोवर त्यांचं बरं चाललं होतं. आता दोघींना एकच नाव आणि एकच खण मिळाला, आणि नंतर आलेलीनं आधीचीला बाहेर काढलं.

"हात घातला होता का, मामा?" मी विचारलं.

"घातला," तो म्हणाला. "बसेल होती. चिठ्ठीत लिहेल होतं काढा म्हून, काढली."

चिठ्ठी माझ्या अक्षरातली. त्याला पेन्शनची भीती होती, मला कसलीच नव्हती, आणि तरी ते चार शब्द मीच घोटून घोटून लिहिले होते. त्याच्यावर संतापले होते, त्याहून जास्त स्वतःवर संतापले. मोत्यासारख्या अक्षराला काय चाटायचंय!

साहेबाकडे गेले. त्यानं दोन्ही रजिस्टरं न पाहताच बाजूला सारली. एका वर्षात एक नंबर एकदाच येतो, म्हणाला. मी सांगितलं, त्या साली आमाले दोन सरकारं झाली साहेब, म्हणून दोन एक्केचाळीस झाले. माझ्या 'आमाले'वर तो जरा हसला. म्हणाला, जरा शुद्ध बोलायला शिका, शासकीय नोकरीत आहात. मग समजुतीच्या सुरात सांगितलं की पोती शिवून झाली, त्यांची यादी वर गेली, तिच्यावर त्याची सही झाली आहे. आता एक पोतं उघडलं तर सगळ्या कामावर प्रश्न येईल, तपासणी तोंडावर आहे. त्या बाईला सांगा, मिसल आढळत नाही. असा दाखला देता येतो.

मी म्हटलं, मिसल आढळते, साहेब. पडवीत आढळते.

तो उठून उभा राहिला. "पोती उघडायची नाहीत. हा हुकूम आहे."

मी बाहेर आले. माळीण खिडकीशी तशीच बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर नीट केला. मला त्या पदराचा राग आला. आमच्या बायकांना नाही ऐकायची इतकी सवय असते की ऐकायच्या आधीच त्या उठायच्या तयारीला लागतात. मी तिला म्हटलं, मावशी, उठू नका. बसून राहा तिथंच.

आणि मी भर दुपारी, सगळी कचेरी जाग्यावर असताना पडवीत गेले. अकरा पोती होती. पहिल्या पोत्याची शिवण मी नखांनी ओढायला लागले. सुतळी जाड, नख तुटलं, रक्त आलं. कारकून दारात येऊन उभे राहिले, एकानं हळूच म्हटलं, बाई, कशाला विस्तवात हात घालता? मी म्हटलं, विस्तव शनिवारी आहे, आज नुसती पोती आहेत. एवढ्यात साहेब आला. त्यानं माझं आडनाव घेऊन, बाई न लावता, मला हाक मारली आणि हात थांबवा म्हणाला. मी थांबवले नाहीत. मी त्याच्याकडे पाहून सांगितलं, "हुकूम मी मोडून राह्यली. लिहून घ्या. पण मिसल जळू देनार नाही."

मुद्दाम तसंच बोलले. शुद्ध बोलता येत नव्हतं असं नाही.

मग मामा माणसांमधून पुढे आला. त्याच्या हातात ते दाभण होतं, ज्यानं त्यानं ती पोती शिवली होती. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला, दाभणाचं टोक टाक्याखाली घातलं आणि एकेक टाका उचकटायला लागला. दोन महिन्यांवर पेन्शन आलेला माणूस. साहेबानं त्याला विचारलं, तुम्हीसुद्धा? पोतं जितकं मन लावून शिवलं असेल, तितकंच मन लावून मामा उसवत होता.

विहिरीची मिसल सातव्या पोत्यात निघाली. वरचा कागद फाटला होता, पण निकाल शाबूत होता. चार दिवस, चार दिवस, खाली तेव्हाच्या साहेबाची सही, आणि त्याखाली एका बाईचा अंगठा. मी ती मिसल पडवीतूनच वर धरून माळिणीला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, तरी लांबून तिनं तो अंगठा ओळखला. ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "माह्याच हाये तो," म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आम्ही अकराही पोती उसवली. सगळ्या मिसली निघाल्या. कोणी जादा प्रत नव्हती, एकही नाही. साहेब त्याच्या खोलीत बसून होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः सांगितलं की त्या मिसली परत लावा, आणि नंबराच्या पुढे नागपूर, मुंबई असं लिहा. चूक कळली होती त्याला. पण चूक कळणं वेगळं आणि कचेरीसमोर एका बाईनं हुकूम मोडलेला पचणं वेगळं. मला मेमो आला. लेखी खुलासा द्या आणि माफी मागा. आईनं त्या रात्री जेवण केलं नाही. म्हणाली, लिहून दे माफी, कागदच तर हाये, कागदानं काय झिजते? मी म्हटलं, आई, कागदानं काय होते ते मी कालच पाहिलं.

खुलासा मी एका ओळीत दिला. त्याच्याच रीतीनं. हुकूम मोडला, चिठ्ठी माझ्या हातची होती, तिच्यातला हुकूम मोडल्याबद्दल माफी मागत नाही. मोत्यासारख्या अक्षरात.

मामाला काही झालं नाही. त्याचं सगळं मी माझ्या अंगावर घेतलं होतं, आणि साहेबानंही ते घेऊ दिलं. त्याचं एवढं मात्र मी मानते. महिन्याभरात माझी बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे जायचं म्हणजे तीन बस बदलायच्या. निघायच्या दिवशी माळीण स्टँडवर आली. पिशवीत वांगी होती, काटेरी देठाची, सकाळची खुडलेली. आभार वगैरे तिनं काही मानले नाहीत. म्हणाली, "पानी सुरू हाये." आईनं ती पिशवी मांडीवर घेतली आणि संग्रामपूरपर्यंत खाली ठेवली नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. नंतरचे साहेब बरे होते, वाईट होते, मला सगळे सारखेच घाबरून असायचे, कारण सर्व्हिस बुक माझ्याआधी पोचायचं. त्यात त्या वर्षीचा शेरा होता: हुकूम पाळत नाही. या एका शेऱ्यापायी माझी बढती दोनदा अडली. रडले का? रडले. मेहकरच्या बदलीत तर चार दिवस रडले. पण शेरा खोटा आहे असं मी कधी कुठे लिहून दिलं नाही.

रिटायर व्हायच्या आठवड्यात शेवटच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनं मला बोलावलं. पन्नाशीचा सज्जन माणूस, माझ्याविषयी आदर असलेला. सर्व्हिस बुक त्याच्यापुढे उघडं होतं. म्हणाला, ताई, हा शेरा नंतर वरून रद्द झालेला आहे, तुम्हाला कोणी कळवलंच नाही वाटतं. हे पान काढून टाकतो, नवीन पान लिहून लावतो. इतक्या वर्षांची नोकरी, जाताना पुस्तक स्वच्छ असू द्या. त्यानं ब्लेडही काढून ठेवलं होतं.

मी म्हटलं, पान काढायचं नाही.

तो म्हणाला, अहो, तुमच्याच भल्यासाठी.

मला मामाची आठवण झाली. पेन्शन घेऊन तीन-चार वर्षंच जगला. मी हेडक्लार्ककडून पुस्तक माझ्याकडे ओढून घेतलं, पट्टी घेतली आणि त्याला म्हटलं, "रद्द झालाय तर एक रेघ मारा. बारीक. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पट्टी धरून रेघ मारली. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. हुकूम पाळत नाही. स्वच्छ वाचता येत होतं. मग मी सही केली.